बॅनरवरचा ब्रिगेडियर

नाईक हुद्द्यावरचा वैजीनाथ महिनाअखेरीला फौजेतून रिटायर झाला, रेल्वेनं पूर्णेला उतरला, ट्रंक, वळकटी आणि शिलाई मशीन असा संसार रिक्षात घालून ताडकळसपर्यंत आला, आणि तिथं त्याला अडवण्यात आलं. एवढ्या नोकरीत काश्मीरपासून नागालँडपर्यंत त्याला कुणी अडवलं नव्हतं. घरापासून हाकेच्या अंतरावर अडवलं, तेही सख्ख्या चुलतभावानं.

"दादा, तू आज कामून आलास?" गोपाळनं विचारलं.

"रिटायर झालो म्हणून."

"तसं न्हाई. मिरवणूक उद्या हाय."

आमच्याकडे अलीकडे ही एक नवी रीत पडली आहे. फौजी रिटायर झाला की त्याला गुपचूप घरी येता येत नाही. वेशीत उघडी जीप लागते, डीजे लागतो, फेटे, फुलं, औक्षण, पोरांचं संचलन आणि वेशीपासून घरापर्यंत बॅनर. पूर्वी जीपमध्ये उभं राहायचा मान नवरदेव आणि निवडून आलेला सरपंच अशा दोघांनाच असायचा; आता फौजी तिसरा. रीत चांगली आहे. पहिल्या दोघांपेक्षा तिसऱ्यानं काहीतरी केलेलं असतं. अडचण एवढीच, की जीप, डीजे आणि प्रमुख पाहुणे हे तिन्ही एका दिवशी मोकळे सापडावे लागतात, आणि फौजी मात्र सरकारनं ठरवलेल्या तारखेलाच रिटायर होतो.

"डीजे आज दुसरीकडं साखरपुड्यात हाय," गोपाळ समजावून सांगू लागला. "कर्नलसाहेब परभणीहून उद्याच येयलेत. निम्मी हिवरखेडी ऊसतोडीला गेलेली, जी राह्यली तिला उद्याचं सांगितलंय. तू आज घरी गेलास तर उद्या स्वागत कुणाचं करावं आमी?"

मुद्दा बिनतोड होता. वैजीनाथनं समोर बघितलं. त्याच्या गावाची, हिवरखेडीची एसटी थांब्याला लागली होती आणि तिच्यात जागाही होती.

"मग मी कुठं जाऊ?"

"बुद्धभूषणच्या दुकानात बस. मी बोललोय त्याला. अन् हे बघ, कुणाला दिसू नको. तुझे आबा खामखा माझ्यावर चिडतेन."

अशा रीतीनं शत्रूच्या प्रदेशात कधीच न लपलेला वैजीनाथ स्वतःच्या तालुक्यात लपला.

बुद्धभूषणचं दुकान बॅनरचं. वाढदिवस, निवड, अभिनंदन, शुभविवाह, पुण्यस्मरण, सगळं तिथं संगणकावर जुळवायचं आणि फाईल परभणीला छापायला पाठवायची. छापलेला माल संध्याकाळच्या जीपनं परत. माणूस तल्लख. ताडकळसच्या पंचक्रोशीत कोण कुणाचा हितचिंतक आहे आणि कालपासून कोण नाही, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं, कारण हितचिंतकांचे फोटो तोच काढून टाकायचा.

त्यानं वैजीनाथला खुर्ची दिली, चहा दिला. वैजीनाथ बसला. उठला. दारापर्यंत गेला, दिसू नये म्हणून परत आला. मशीनवरचं पोतं सारखं केलं. पुन्हा दारापर्यंत गेला.

"भाऊ, पाय दुखायलेत का?" बुद्धभूषणनं विचारलं.

"न्हाई. बसून बसून आलो न गाडीत."

खरं कारण पोत्याखाली होतं. वैजीनाथ फौजेत दर्जी होता. भरतीच्या वेळी त्याची छाती फुगवूनही कमी भरली, तेव्हा कारागिरांच्या भरतीत उभा राहिला आणि लागला. नंतरची वीस-बावीस वर्षं त्यानं पलटणीच्या वर्द्या शिवल्या, उसवल्या, आल्टर केल्या, बढती झाली की बाहीवर फीत चढवली, कुणाची उतरली तर तीही काढून दिली. पहिल्या रजेवर आला तेव्हाच त्यानं वडलांना सांगून टाकलं होतं. दिनकरराव उठले, त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "घरात बोललास ते बोललास. भायेर बोलू नको. आपल्या घरात बंदूक धरलेला माणूस झालाय. सुई धरलेला कुणी न्हाई."

तेव्हापासून त्याच्या बदल्या दिनकररावांच्या हातात गेल्या. पारावर बसून त्यांनी पोराला इतक्या आघाड्यांवर पाठवलं, की तेवढ्या बदल्या खुद्द सरकारला झेपल्या नसत्या. बर्फ पडला की वैजीनाथ बर्फात. सीमेवर गोळीबार झाल्याची बातमी आली की वैजीनाथ तिथं. रजेवर आलेला वैजीनाथ मात्र घरात मनगट दाबत बसायचा. आईच्या पोलक्याची उसवलेली कड समोर दिसायची आणि हात लावायची बंदी.

आता त्याला घराच्या वट्यावर मशीन मांडून दुकान घालायचं होतं. तेवढी एकच इच्छा. ती वडलांना सांगायला त्यानं आजचा दिवस राखून ठेवला होता, आणि आजचा दिवस डीजेनं घेतला.

"भाऊ, तुमचं डिझाईन तयार हाय," बुद्धभूषण म्हणाला. "बघून घ्या. दुपारपर्यंत फाईल पाठवायची हाय."

वैजीनाथनं पडद्याकडे बघितलं. सूर्यासारखे किरण, तिरंगा, दोन रणगाडे, एक विमान, आणि मधोमध एक धिप्पाड गडी. गड्याच्या मानेवर वैजीनाथचं डोकं होतं.

"हा कोण?"

"तुमीच."

"मुंडकं माझं हाय. खालचा कोण हाय?"

"खाली बॉडी हाय. फौजीची बॉडी माझ्याकडं एकच हाय, भाऊ. पालमपासून देवगाव फाट्यापर्यंत जेवढे रिटायर झाले, सगळे ह्याच्यातच बसवलेत. एक नेव्हीतला होता, त्यायला बी हीच बसली. मागं नुस्ता समुद्र टाकला."

वैजीनाथ पडद्याजवळ गेला. दुसरा कुणी असता तर आधी चेहरा बघितला असता. ह्यानं कॉलर बघितली. मग खांदा. मग तो खुर्चीत बसला आणि लगेच उठला.

"बुद्धभूषण, हा शर्ट आत्ता दोन हजार बावीसला निघालेला नवा, चौकटी-चौकटीचा. तो भायेर सोडायचा असतो. ह्यानं आत खोचलाय."

"मग?"

"पॅन्ट त्याच्या आधीची, पानं-पानं असलेली. टोपी छत्रीवाल्यायची. म्हणजे विमानातून उड्या मारतेत ते. कमरेला परेडचा पट्टा. छातीवर ती कडंची फीत हाय ना, ती आपल्या देशाची न्हाई. बंदूक बी आपली न्हाई."

"लय बारीक बघायलाव तुमी."

"अन् खांद्यावर सिंह अन् तीन चांदण्या. हा ब्रिगेडियर हाय."

"मोठा असतो का?"

"उद्या येणाऱ्या कर्नलच्या वरचा. म्हणजे त्यायनं आधी मला सलाम ठोकायचा."

बुद्धभूषणला ही गोष्ट आवडलेली दिसली. "मग चांगलंच हाय की."

वैजीनाथच्या डोळ्यांपुढं कर्नलसाहेब, बॅनर आणि आपण असे तिघं एका रेषेत उभे राहिले. त्याला घाम आला. तो दुकानात येरझारा घालू लागला. दुकान लहान, त्यामुळे येरझारा लवकर संपत होत्या.

"हे सगळं एका अंगावर येत न्हाई, बाबा. प्रत्येकाची येळ असती. इंग्रजांची वर्दी आधी लाल होती. लांबून दिसावी म्हणून."

"मग?"

"मग लांबून दिसायली म्हणून लोक मरायले. तवा खाकी आली. धुळीचा रंग. लाल माणूस गोळीला सापडतो, धुळीतला न्हाई."

"खाकी तर पोलिसांची."

"पोलिसांकडं राह्यली. फौजेनं स्वातंत्र्यानंतर हिरवी घेतली. शेजाऱ्याची बी खाकीच होती, आपला कोण अन् त्यायचा कोण, म्हणून बदलली, असं आमचे उस्ताद सांगायचे. मग झाडीत लपायला डागांची आली, मग पानांची, मग ही चौकटीची. बर्फात पांढरी. दर येळंला एकच इचार, माणूस दिसला न्हाई पाह्यजे."

"अन् आमचं गिऱ्हाईक येतं माणूस दिसावा म्हणून," बुद्धभूषण म्हणाला. "न दिसायच्या कपड्यात वीस फुटाचा माणूस. पैसे ॲडव्हान्स."

"खांदा तरी पुसून टाक."

"मला पुसता येतो. पण आर्डर तुमच्या आबांची हाय. गोपाळभाऊला इचारतो." त्यानं फोन लावला आणि आवाज मोठा केला. फोन गोपाळनं घेतला, पण बोलले दिनकरराव. दिनकरराव कुणाच्याही फोनवर स्वतःच बोलतात.

"खांदा मोकळा करायचा? कामून?"

"काका, ते पद जरा मोठं व्हायलंय म्हणतेत."

"कोण म्हणतंय?"

बुद्धभूषणनं वैजीनाथकडे बघितलं. वैजीनाथ दुकानाच्या छताकडे बघत होता.

"एक गिऱ्हाईक हाय," बुद्धभूषण म्हणाला.

"गिऱ्हाईकाला काय मालूम. मोकळा ठेवू नको. जागा असंल तर अजून दोन चांदण्या घाल. अन् तलवार कुठंय?"

"बंदूक हाय, काका."

"बंदूक राहू दे. तलवार बी घाल. अन् कोपऱ्यात आमच्या वडलांचा फोटो टाक, गोपाळ पाठवायलाय. खाली 'स्वातंत्र्यसैनिक' लिव्ह."

फोटो आला. काळा-पांढरा, पिवळा पडलेला. अर्धी चड्डी, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या, हातात रायफल, टोपीवर बिल्ला. वैजीनाथनं तो मोठा करून बघितला आणि छोटा केला.

"आमचे आजोबा निजामाच्या फौजेत होते," तो हळू म्हणाला. "हा बिल्ला निजामाचा हाय. अठ्ठेचाळीसला हैदराबाद संपलं तवा फौज बी संपली, मग घरी आले."

"अन् स्वातंत्र्यसैनिक?"

"सैनिक होते. स्वातंत्र्य बी त्याच सुमाराला आलं."

बुद्धभूषणनं क्षणभर विचार केला आणि टोपीवरच्या बिल्ल्यावर एक टवटवीत गुलाब बसवला. निजामाचं राज्य दुसऱ्यांदा आणि कमी त्रासात संपलं.

"भाऊ," मग तो खुर्ची वळवून म्हणाला, "तुमी सकाळपासून चालायलाव. ह्या बॅनरनं माणसाचं एवढं होत न्हाई. खरं सांगा, तुमी फौजेत काय होताव?"

ताडकळसमध्ये, दिवसाउजेडी, वैजीनाथनं हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. "दर्जी."

आता काय होतं, म्हणून तो थांबला. बुद्धभूषण उठला, त्यानं दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं आणि गंभीरपणे म्हणाला, "हे सकाळीच सांगायचं की. माझ्या पॅन्टची चैन आठ दिसापासून गेलीय. शर्ट सोडून हिंडायलोय."

त्यानंतरचा वेळ बुद्धभूषण टॉवेल गुंडाळून संगणकापुढं बसला होता आणि वैजीनाथ मांडी घालून खाली. चैन निघाली, बसली, सरकली. तेवढ्या वेळात वैजीनाथ एकदाही उठला नाही की त्यानं दाराकडे बघितलं नाही. दोरा दातानं तोडताना बाहेर हिवरखेडीची पुढची गाडी लागल्याचं त्याला ऐकू आलं. ट्रंक-वळकटी तिथंच ठेवून त्यानं मशीन उचललं.

"मिरवणूक उद्या हाय, भाऊ," बुद्धभूषण म्हणाला.

"मिरवणूक उद्या येऊ दे. मी आज जातो."

"बॅनरचं काय करू?"

"ज्याची आर्डर हाय त्याला इचार."

बुद्धभूषणनं तलवार घातली आणि फाईल पाठवून दिली. धंदा आहे.

हिवरखेडीत वैजीनाथच्या स्वागताची तयारी इतकी जोरात चालू होती, की वैजीनाथकडे बघायला कुणाला सवड नव्हती. शाळेसमोरच्या रस्त्यावर संचलनाची तालीम होती. भरतीची तयारी करणारी आणि न करणारी, अशी सगळी तरुण मंडळी वर्दी मिळवून उभी होती. ज्याला जी मिळाली ती. गॅदरिंगच्या पेटीतली खाकी, कुणाच्या मामाची हिरवी, नांदेडच्या बाजारातली पानांची, ऑनलाईन मागवलेली वाळवंटी, आणि एक निळी, जी बँकेच्या एटीएमवर बसणाऱ्याची होती. दुकानात सकाळी सांगितलेला सगळा इतिहास तारखेवार सोडून उंचीनुसार उभा होता. वैजीनाथ मशीन डोक्यावर घेऊन मधून निघाला तेव्हा एकजण ओरडला, "ओ, मशीनवाले, कडंनं जा. हा रस्ता फौजीसाठी हाय."

वैजीनाथ कडेनं गेला.

आई, कडूबाई, वट्यावर तीळ निवडत होती. तिनं वर बघितलं. "आलास व्हय," ती म्हणाली. "तू तर उद्या येणार होतास." तोंडानं एवढंच बोलली, पण सूप उलटं झालं.

राजेश्री दारात आली. नवऱ्याकडे, मग मशीनकडे बघितलं. कुटुंबासाठी क्वार्टर मिळायचं तेव्हा ती पलटणीत राहून आलेली. तिला सगळं माहीत होतं. "मशीन आत ठेवू का भायेर?" तिनं विचारलं. तेवढ्यात दिनकरराव फेट्याचं कापड बघायला गेलेले, ते परत आले.

"परत जा," ते म्हणाले.

"कुठं?"

"ताडकळसला. आजच्या दिस तिथं ऱ्हा. सकाळी वेशीत ये, जीप हाय."

"लेकरू दारात आलंय अन् तुमी त्याला ताडकळसला धाडायलाव?" कडूबाई म्हणाली.

"तू गप बस. लोकायला काय सांगू? फौजी कालच येऊन जेवून झोपला म्हणून?"

"आबा," वैजीनाथ म्हणाला. दिवसभर चालून जे वाक्य जमत नव्हतं ते उभ्या उभ्या आलं. "मी वट्यावर दुकान घालणार हाय. शिलाईचं. लोकायला सांगून टाका मी कोण होतो ते."

दिनकररावांनी रस्त्याकडे बघितलं. कुणी ऐकत नव्हतं. "उद्या पाव्हणे जाऊ दे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मग बोलू. पुढच्या म्हयन्यात. पेरणीनंतर." आणि आत जाऊन बसले, दाराकडे पाठ करून.

राणी आली ती त्याच वेळी. गोपाळची पोरगी, संचलनाची पुढारी, पहाटे उठून पळणारी. तिच्या अंगात कुणा आडमाप माणसाची हिरवी वर्दी होती आणि हात बाह्यांत हरवले होते.

"काका, आलाव का तुमी? आमाला वाटलं उद्या. बरं, ह्या बाह्या कोण आखूड करून देईल का हो? सलाम करताना हातच दिसना."

वैजीनाथनं आतल्या पाठीकडे बघितलं. पाठ हलली नाही. त्यानं मशीन वट्यावर मांडलं.

राणीच्या पाठोपाठ निळा आला, मग खाकी, मग मामाचा हिरवा. खांद्याची पट्टी कुणाची उलटी, कुणाची नाहीच. वैजीनाथ टाचण्या तोंडात धरून एकेकाला वळवत होता. बायकाही बघायला जमल्या.

"वैजीनाथ, हे कुठं शिकलास रं?" एकीनं विचारलं.

"फौजेत. मी तिथं दर्जीच होतो."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. "किती साधा माणूस बघ. एवढा मोठा सायब झाला तरी गर्व न्हाई."

"खरंच दर्जी होतो."

"तसंच सांगावं लागत आसंल," निळा गंभीरपणे म्हणाला. "गुप्त काम असलं की परवानगी नसती सांगायची. दर्जी म्हणजे नुस्तं नाव."

वैजीनाथनं टाचण्या काढल्या आणि पुन्हा सांगायला तोंड उघडलं. पण त्याच्या लक्षात आलं, की वीस वर्षं पारावर दिनकररावांनी घातलेला टाका त्याला एकट्याला उसवता येणार नाही. ज्यानं घातला त्यानंच उसवायला हवा. आणि तो तर पाठ करून बसला होता. अंधार पडेपर्यंत वैजीनाथ शिवत राहिला, आणि ज्यांचं शिवून झालं ते लोक त्याच्याकडे आणखीच आदरानं बघत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी जीप आली, डीजे आला, बॅनर चढले. राणीची तुकडी सज्ज झाली, आणि निघताना पहिल्याच कडक सलामात मामाच्या हिरव्याची पाठ उभी फाटली. तुकडी वट्याकडे पळाली. वैजीनाथ पांढरा शर्ट घालून जीपकडे निघाला होता. तो परत फिरून मशीनवर बसला. रिटायर झाल्यावर वर्दी घालायची नाही, असं त्याला पलटणीतून बजावून सांगितलेलं होतं आणि तो ते पाळत होता. त्यामुळे त्या दिवशी हिवरखेडीत सगळ्या पोरांच्या अंगावर वर्दी होती, फौजीच्या अंगावर नव्हती.

डीजेला दुपारी दुसरं गाव होतं. तो काही थांबेना. शेवटी जीप फौजीशिवाय निघाली. तिच्यात दिनकरराव फेटा बांधून उभे राहिले, लोकांनी फुलं टाकली, दिनकररावांनी ती अडवली नाहीत.

मारुतीच्या पाराजवळ कर्नलसाहेब उभे होते. निळा ब्लेझर, छातीवर मोजकीच पदकं. ते बॅनरसमोर हात मागे बांधून बराच वेळ थांबले. टोपीपासून बुटापर्यंत गेले, पुन्हा वर आले, तलवारीशी अडकले.

"हे सगळं," त्यांनी विचारलं, "एकाच माणसाचं आहे?"

"एकाच," गोपाळ अभिमानानं म्हणाला.

"जवान कुठे आहे?"

गोपाळनं डीजे बंद करायची खूण केली आणि माईक जीपमध्ये दिनकररावांच्या हातात दिला. "काका, तुमी सांगा. तुमचा मान हाय."

आवाज थांबला तेव्हा गल्लीतून मशीनचा खडखडाट ऐकू यायला लागला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सगळ्यांच्या आलं. दिनकररावांनी माईक तोंडाजवळ नेला, खाली घेतला. फेटा डोळ्यांवर आला होता, तो वर सरकवला. पारावरच्या ज्या जागेवर बसून त्यांनी पोराला बर्फात पाठवलं होतं, तिथं आज म्हातारी माणसं ओळीनं बसली होती आणि त्यांच्याकडेच बघत होती.

"घरी हाय," ते म्हणाले.

"घरी? काय करतोय?"

"शिवायलाय."

लोकांना वाटलं माईक बिघडला.

"वर्दी शिवायलाय," दिनकरराव म्हणाले. "दर्जी हाय माझा पोरगा. फौजेचा दर्जी."

"काका," गोपाळ खालून कुजबुजला, "गुप्त काम हाय म्हणतेत लोक."

"गुप्त-बिप्त काय न्हाई. बंदुका, बर्फ, आघाडी, सगळं म्याच सांगत होतो. त्यानं कधी सांगितलं न्हाई." माईक चालूच होता. "पलटणीचे सायब परेडला जायचे तर आधी ह्याच्यापुढं उभे ऱ्हायचे. हे खरं हाय. हे मला आधी सांगायचं सुचलं न्हाई."

पारावरचा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "म्हणजे माझी बंडी तो करील का?"

कर्नलसाहेबांनी बॅनरकडे शेवटचं बघून घेतलं. "मग आपण इथं काय करतोय?" ते म्हणाले आणि आवाजाच्या दिशेनं चालू लागले. त्यांच्यामागे फेटे, फुलांची ताटं, औक्षणाच्या बायका, सगळी मिरवणूक. जीप गल्लीत वळेना, म्हणून दिनकरराव खाली उतरून पायी निघाले, आणि गर्दीतून वाट काढत सगळ्यांच्या पुढं झाले.

वैजीनाथनं कर्नलसाहेबांना वट्याच्या पायरीशी बघितलं आणि उठायला गेला. पाठीचा टाका मधेच होता; उठला असता तर सगळी शिवण गेली असती. तो अर्धा उठलेला, एक हात मशीनच्या चाकावर.

"बसा, नाईक," कर्नलसाहेब म्हणाले. "पूर्ण करा."

तो बसला. सगळं गाव उभं राहिलं आणि एक शिवण शेवटपर्यंत जाताना बघत राहिलं. कडूबाई ताट घेऊन ओवाळायला पुढं झाली, तर राजेश्रीनं तिला हातानं थांबवलं: दोरा तुटू दे.

दोरा तुटला. पोरगं वर्दी अंगात घालून बाजूला झालं. लगेच पारावरचा म्हातारा बंडी घेऊन पुढं घुसला, त्याच्यामागे दोघं-तिघं.

"ए, गर्दी करू नका," दिनकरराव म्हणाले. ते वट्यावर चढून मशीनच्या शेजारी उभे राहिले होते. "रांग लावा. एकेकानं या. माप आधी, मग कापड." मग त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं आणि आवाज जरा मऊ केला. "साहेब, तुमचं काही आसंल तर सांगा. मधे घेतो."

कर्नलसाहेबांनी ब्लेझरच्या खिशात हात घातला. हात खिसा ओलांडून अस्तरात पार कोपरापर्यंत गेला. त्यांनी ब्लेझर उतरवला, घडी करून हातावर घेतला आणि म्हाताऱ्याच्या मागे उभे राहिले.